डावरी गाठ

राजाबाईची प्रार्थना कोणी ऐकली असती तर त्यानं कानांवर हात ठेवले असते.

"देवा, सितारामाचं भलं कर," एवढं ती दात आवळून म्हणायची. मग एक डोळा उघडून भिंतीकडे बघायची, कारण त्या भिंतीपलीकडेच सितारामाचं घर होतं, आणि खालच्या आवाजात पुढचं जोडायची, "पन आधी त्याची चांगली जिरव."

जुईनगरच्या सुचिताताईंनी तिला हे दुसरं वाक्य शिकवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मनापासून निघायचं.

सिताराम तिचा सख्खा धाकटा दीर. तिचा नवरा वामन काविळीनं गेला तेव्हा पुढचा खांदा यानंच दिला आणि लहान पोरासारखा रडलाही. पण वर्ष उलटायच्या आत त्यानं वामनच्या खुंटांवर आपलं जाळं चढवलं. खाडीच्या तोंडाशी, पाणी जिथे वळसा घेतं तिथे, राजाबाईच्या सासऱ्यानं हे खुंट चिखलात ठोकले होते आणि मरताना ती जागा थोरल्याच्या, म्हणजे वामनच्या, हवाली केली होती. सगळ्या पाड्याला हे ठाऊक होतं. तरी कोणी तोंड उघडलं नाही, कारण तोवर राजाबाईनंच लोकांच्या हाती आयतं कोलीत दिलं होतं.

वामन गेल्यावर ती मासळीची पाटी घेऊन जुईनगरच्या बिल्डिंगींतून फिरायची. सुचिताताई तिचं गिऱ्हाईक. नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एकदा त्यांच्या दारात कोळंबी सोलता सोलता राजाबाईला एकाएकी रडू फुटलं ते थांबेचना. ताईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि तिच्या मासळीच्या हातांना न किळसता ते हातात धरून बसल्या. पुढे दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये चटईवर बसून गाणी म्हणणाऱ्या माणसांत राजाबाईही जाऊन बसायला लागली. कोणी तिला धर्म बदल म्हटलं नव्हतं आणि तिनंही घरातला देव्हारा हलवला नव्हता. पण त्या साली नारळी पुनवेला पाड्यातल्या बाया नटूनथटून खाडीला नारळ द्यायला निघाल्या आणि राजाबाई घरात बसून राहिली. येशूला हे चालतं की नाही, हे ताईंना विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच.

सितारामाला तेवढं पुरलं. गावकीच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "जिनं खाडीला नारळ नाय दिला, तिची खाडीत जागा कशी रं?" पंचांनी माना डोलावल्या. जागा सितारामाकडे गेली आणि राजाबाईचं घर वाळीत पडलं. तिच्या घराशी बोलायचं नाही, जेटीवर तिला बर्फ द्यायचा नाही, तिच्या दारातून हळदीकुंकू न्यायचं नाही. विधवेला हळदीकुंकवाचं कोण विचारत होतं म्हणा, पण तेही ठरावात घातलं.

तिचा मुलगा प्रीतम पंचवीस वर्षांचा, डोक्यानं तापट. "पोलिसांत चल," तो रोज म्हणायचा. "वाळीत टाकायला बंदी हाय. कायदा हाय कायदा. सगळे पंच आत जातील."

"जाऊ रे," राजाबाई म्हणायची आणि जायची नाही. पंच आत गेले तरी ते कधी ना कधी बाहेर येणार, आणि आपल्याला जन्म याच गल्लीत काढायचा आहे, हे तिला कळत होतं.

मग प्रीतम खाडीच्या आतल्या अंगाला, गटाराचं पाणी येऊन मिळतं तिथे जाळं लावायचा. त्यात कोळंबीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त यायच्या. बाटल्या, गणपतीचे हार, एकदा तर आख्खी उशी आली. दोघं मायलेक होडीत बसून तो कचरा वेचायची, आणि त्याच वेळी पलीकडून सिताराम आपली होडी भरून, बिडीचा धूर सोडत, त्यांच्या अंगावर लाट उडेल एवढ्या जवळून भरधाव जायचा. रोज. एकदाही चुकला नाही.

"एका रात्रीत त्याचं जाळं कापतो," प्रीतम म्हणायचा. होडीतला कोयता त्यानं धार लावून ठेवला होता.

"कोयत्याला हात लावलास तर मी खाडीत उडी टाकीन," राजाबाई म्हणायची. मनात मात्र ती ते जाळं शंभर वेळा कापून मोकळी झाली होती.

होळी होऊन गेली. ऊन चढायला लागलं. पामबीच रोडपलीकडच्या टॉवरांतली माणसं फ्लेमिंगो बघायला दुर्बिणी घेऊन काठावर यायची आणि चिखलात कालवं काढणाऱ्या बायांचेही फोटो काढून न्यायची. अशाच एका सकाळी, उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला, ओहोटी संपत आली होती आणि मायलेक आपलं जाळं उचलून परत निघाली होती. त्या दिवशी पाटीचा तळही झाकला नव्हता.

"आई, तिकडं बघ," प्रीतम म्हणाला.

खाडीच्या तोंडाशी सितारामाचं जाळं खुंटांवर ताणलेलं होतं. दोऱ्या ताठ होऊन थरथरत होत्या. जाळं भरलं होतं. आणि सितारामाची होडी दूर जेटीला बांधलेलीच दिसत होती.

"येल आता," राजाबाई म्हणाली.

"कधी येल? पानी उभं रायलं बघ."

खरंच पाणी उभं राहिलं होतं. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावतं तोवर मासळी जाळ्याच्या तोंडातून शिरून शेपटात साठते. पण पाणी थांबलं की ते फिरायच्या आत जाळं उचलावं लागतं. नाहीतर भरतीचा लोंढा मागून घुसतो, मासळी तर जातेच, पण जाळं खुंटांभोवती पीळ घेतं आणि चिंध्या होऊन हाती येतं. हे कोळ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

प्रीतम इंजिन बंद करून आरामात बसला. "फिरू दे पानी. मजा बघू."

राजाबाईलाही गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. पोटात ऊबदार काही ओतल्यासारखं झालं. आपण न कापता, न बोलता, त्याची बरोबर जिरत होती. मग तिच्या ध्यानात आलं की आपण रोज हेच तर मागत होतो. देवानं पहिलं वाक्य सोडून नेमकं दुसरं ऐकलं होतं, आणि वर तिलाच बघायला आणून बसवलं होतं. तिला येशूचा असा संताप आला की काही विचारू नका.

"होडी घे तिकडं," ती म्हणाली.

"कनाला?"

"घे म्हनते ना!"

"येडी झालीस काय? दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला तर चोर म्हनतात. आपल्याला तर टपूनच बसलेत."

"माहीत हाय मना. घे."

प्रीतमनं हाताची घडी घातली. राजाबाईनं मग वल्हं उचललं आणि उभ्यानंच पाणी कापायला सुरुवात केली. साठीला आलेली बाई, गुडघे आधीच कुरकुरणारे. होडी आडवी झाली, गोल फिरली. तिची ती दैना बघवेना तेव्हा प्रीतमनं एक शिवी हासडून इंजिन चालू केलं. शिवी कोणाला होती ते त्यालाच माहीत.

जाळं इतकं जड होतं की पहिल्या ओढीला होडीच कलली. दोघांनी पाय कडेला रोवले. दोरीनं राजाबाईच्या तळहाताची साल निघाली, कमरेत कळ आली, आणि प्रत्येक ओढीला तिच्या तोंडून सितारामाचा उद्धार चालू होता. "मेल्या सितारामा... ओढ रे... तुझ्या तोंडात माती पडो... सोडू नको, सोडू नको... दादाची जागा खाल्लीस, पचनार नाय तुना... घे आता वर!"

शेपूट होडीत आलं. तिनं गाठ सोडली तशी कोळंबी, मांदेली, बोईट यांचा ढीग तिच्या पायांवर कोसळला. पाऊल झाकलं गेलं. किती महिन्यांनी असं ओझं तिनं बघितलं होतं. तिचे हात आपोआप ढिगात गेले, आणि मग आपलं नाही हे आठवून तिनं ते काढून घेतले.

पाणी फिरलं होतं. घाईघाईनं तिनं रिकाम्या शेपटाला गाठ मारली, जाळं गुंडाळून खुंटांवर उंच बांधलं आणि होडी वळवायला सांगितली. काठाच्या चिखलात पाड्यातली बयाबाई खुबे, शिंपले काढत होती. तिनं कंबर सरळ केली, डोळ्यांवर हात धरला आणि सगळं नीट बघून घेतलं.

सितारामाच्या दाराला कुलूप होतं. गल्लीत कोणी राजाबाईशी बोलणार नव्हतं, पण ओट्यावरच्या बाया एकमेकींशी मोठ्यानं बोलल्या, त्यावरून तिला कळलं. सितारामाची बायको केशरबाई सकाळी चुलीपाशी चक्कर येऊन पडली. तिला नेरूळच्या दवाखान्यात नेलं. मुलगा न्हावा शेव्याला यार्डात ड्युटीवर, सून क्रांतीही सासूबरोबर गेली.

आता या मासळीचं काय करायचं? विकली तर चोरी. दारात ठेवली तर संध्याकाळपर्यंत गल्ली नासेल. बर्फ तिला मिळत नव्हता. प्रीतम म्हणाला, "खाडीत टाक." राजाबाईनं त्याच्यावर डोळे वटारले आणि विळी ओढली.

ती खारवायला बसली. बोईट चिरून साफ केले, कोळंबी वेगळी, मांदेली वेगळी, जवळा वेगळा. घरातलं मीठ संपलं तेव्हा प्रीतमला दुकानात पिटाळलं.

"मीठ पन आपलंच घालायचं काय?" तो दारातून ओरडला.

"तुझ्या काकाकडून मागून आन मग!"

पाड्याच्या खळ्यावर वाळत घालायला तिला मज्जाव होता. म्हणून तिनं सगळा माल आपल्या घराच्या छोट्याशा स्लॅबवर पसरला आणि काठी घेऊन राखत बसली. उन्हानं तिच्या मानेची कातडी सोलवटली. कावळे, मांजरी आणि खालून जाणारी माणसं, या तिघांचा ताप. पहिल्या दोघांना काठी दाखवता यायची. खालून जाताना लोक वर बघून खाकरायचे. "चोरीचा माल वाळतो पन छान," असं कोणी म्हणालं, आणि गल्लीभर हसू पसरलं. राजाबाईनं मान खाली घालून मांदेली उलटवल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं, आणि मिठाचा पदर डोळ्याला लागून ते आणखी झोंबले.

रविवारी ती जुईनगरला गेली नाही. सुचिताताईंचा फोन आला. "राजाबाई, बरं नाही का?"

"बरी हाय. वैऱ्याचे मासे राखत बसलेय." आणि तिनं सगळं सांगितलं.

ताई भरल्या आवाजात म्हणाल्या, "देव बघतोय हो."

"बघतोय ना? मग खाली येऊन कावळे हाकल म्हनावं." राजाबाईचा आवाज चढला. "तुमी वैऱ्यावर माया करा बोलता. मना जरा पन माया येत नाय, ताई. मना तो मेला तरी चालल. मी हितं बसलेय ती निस्ती रागानं बसलेय."

"असू द्या," ताई म्हणाल्या. "मनात येत नसली तर हातानं करा. तुम्ही करताच आहात."

राजाबाईला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. तिनं फोन ठेवला आणि एका बोक्याला काठी फेकून मारली.

सिताराम परतला तो दुसऱ्याच दिवशी. तो आधी जाळ्याकडे गेला आणि तिथून तडक पंचांकडे. दुपारी राजाबाईच्या दारात अर्धा पाडा जमला. पुढे पंच, त्यांच्या बाजूला सिताराम, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याच्या हातात जाळ्याच्या शेपटाची कापून आणलेली दोरी होती, गाठीसकट.

"बघा," तो म्हणाला. "वळखा ही गाठ कुनाची."

ओळखायला काही नव्हतंच. वामन डावखुरा होता. त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा, आणि तशी गाठ पाड्यात दुसऱ्या कोणाला येत नसे. एकदा त्याचा खांदा निखळला होता तेव्हा राजाबाई त्याच्याबरोबर होडीत जायला लागली, आणि त्यानं तिला शिकवली ती हीच डावरी गाठ. तिला सरळ गाठ मारताच येत नव्हती. घाईत तिचा हात सवयीनं चालला होता आणि चोरानं दारावर नाव लिहून जावं तसं तिनं सितारामाच्या जाळ्यावर आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

"मी बघितलं ना," गर्दीतून बयाबाई म्हणाली. "मायलेक जाळं उपसत होते."

"मीच उपसलं," राजाबाई म्हणाली. "पानी फिरत होतं. जाळं फाटलं असतं."

"तुला कोनी सांगितलं होतं?" पंचांनी विचारलं.

येशूनं, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं. पण एवढ्या लोकांपुढे ते नाव घ्यावं आणि त्यालाही शिव्या बसाव्यात, हे तिला नको झालं. "कोनी नाय," ती म्हणाली आणि आत वळली. तिनं आणि प्रीतमनं एकेक करून पाट्या बाहेर आणून ठेवल्या. प्रीतमनं त्या ठेवल्या म्हणण्यापेक्षा आदळल्या. वाळलेला, निवडलेला, खडखडीत माल. एका म्हातारीनं तर कौतुकानं कोळंबी उचलून वाससुद्धा घेतला.

सितारामानं एक बोईट मोडून जिभेला लावला आणि थुंकला.

"मीठ!" तो ओरडला. "केशरच्या किडन्या गेल्यात. डॉक्टरनी मीठ बंद केलंय तिचं, आन ही खारवून देते! मारायचं हाय तिना, दुसरं काय!"

गर्दीतून "बया गं!" उठलं. किडन्यांचं राजाबाईला कोण सांगणार होतं? तिच्याशी बोलत होतं कोण? "मना माहीत नव्हतं," ती म्हणाली, पण तिचा आवाज गोंधळात कोणाला ऐकू गेला नाही. प्रीतम काकाच्या अंगावर धावला. दोघांना ओढून वेगळं करावं लागलं.

पंचांनी निकाल दिला. पुन्हा सितारामाच्या जाळ्याला हात लावलेला दिसला तर राजाबाईची होडी जेटीला लागू द्यायची नाही. होडी नसली की मायलेकांचं पोट कशावर चालायचं, हे पंचांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो निकाल होता.

लोक पांगले. सिताराम मागे राहिला. मीठ विषासारखं लागलेल्या त्या माणसानं पाट्या मात्र एकही सोडली नाही. सगळ्या उचलून घरात नेल्या.

"झालं समाधान?" प्रीतम म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. "कुठं गेली तुझ्या ताईंची माया?"

त्या संध्याकाळी राजाबाई प्रार्थनेलाही बसली नाही. भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. अपमानानं तिचं अंग तापासारखं भाजत होतं. भिंत एका विटेची. पलीकडून केशरबाईचा थकलेला, बारीक आवाज आला.

"जाळं फाटलंय काय?"

सितारामाचं काही ऐकू आलं नाही.

"मी इचारते, फाटलंय काय?"

"नाय," सिताराम म्हणाला.

"मग?"

भिंतीपलीकडे भांडं आदळलं.

केशरबाईचं डायलिसिस सुरू झालं. ठरल्या वारी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी यायची आणि सिताराम बायकोला जवळजवळ उचलूनच न्यायचा. तिचे पाय सुजून तुकतुकीत झाले होते. जाताना ती राजाबाईच्या दाराकडे बघायची नाही आणि राजाबाईही तिच्याकडे बघत नाही असं दाखवायची. या दोघींनी एका वर्षी, एकाच मांडवातून या घरात पाय ठेवला होता. राजाबाईच्या प्रार्थनेतलं दुसरं वाक्य हळूहळू गळालं. पहिलंही काही सुखानं निघत नव्हतं, पण त्यात आता केशरचं नाव आलं होतं.

सितारामाचं वागणं काडीचं बदललं नाही. तशाच लाटा उडवायचा, तसाच बिडीचा धूर. नजर मात्र देत नव्हता, एवढंच.

खाडीचं पाणी दवाखान्याच्या वेळा पाळत नाही. ते रोज पुढे सरकतं. एक दिवस हे दोन्ही एकमेकांवर आपटणार, हे राजाबाई मनात धरून होती. तसा तो दिवस आला. ऊन रणरणत होतं, पाणी उभं राहिलं होतं, सितारामाचं जाळं भरून थरथरत होतं आणि त्याची होडी जेटीला बांधलेली होती. चिखलात बयाबाई होतीच.

राजाबाईनं होडीच्या फळीवरून हात फिरवला. वामननं केलेली होडी. या वेळी तिला कोणी वेडी म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं. ती प्रीतमला काही म्हणणार नव्हती. त्याच्या पोटावर पाय द्यायचा हक्क तिला कोणी दिला होता? सुचिताताईंनी नाही आणि येशूनंही नाही.

इंजिनाचा आवाज बदलला. प्रीतमनं होडी वळवली होती, खाडीच्या तोंडाकडे. त्याचं तोंड अजून रागानं आंबलेलं होतं.

"कुठं रे?" ती म्हणाली.

"बघत काय बसलीस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पानी फिरल."

दोघांनी जाळं ओढलं. काठावरून बयाबाई ओरडली, "ए, पंचांना सांगेन हां! या टायमाला होडी जाईल तुमची!"

शेपूट होडीत आलं. राजाबाईनं सवयीनं गाठीवर बोट ठेवलं आणि ती थांबली. पीळ उलटा होता. तिनं पुन्हा बघितलं. दोरी नवी कोरी, सितारामानं नंतर लावलेली, आणि तिला डावरी गाठ. ती राजाबाईनं मारली नव्हती. प्रीतमला ती येतच नव्हती. उजव्या हातानं, ओढूनताणून, चुकत माकत मारलेली. एक फेरा जास्त आणि शेवट भलत्याच बाजूला. आता या जाळ्यावर राजाबाईची गाठ सापडली तरी चोर म्हणून तिचं बोट कोणी धरू शकणार नव्हतं. त्यानं तोंडानं एक शब्द काढला नव्हता. जागा दिली नव्हती, माफी मागितली नव्हती, परवा लाटसुद्धा उडवली होती.

"काय झालं?" प्रीतमनं विचारलं.

"सांग पंचांना!" राजाबाई बयाबाईकडे वळून ओरडली. "गाठ बघायला घेऊन ये सगळ्यांना! त्यानंच मारलीय!" तिचा आवाज फाटला आणि डोळे भरून आले, आणि डोळे भरले याचाच तिला राग आला. "आख्खा जन्म भावाबरोबर होडीत बसला, आन गाठ धड शिकला नाय मेला."

तिनं ती वेडीवाकडी गाठ सोडवली. मासळी पायांवर कोसळली. पाणी फिरायला लागलं होतं, प्रीतम घाई करत होता, पण रिकाम्या शेपटाला गाठ मारताना राजाबाईनं आज मुद्दाम वेळ घेतला. एकेक फेरा मोकळा ठेवून, पीळ नीट दिसेल असा, सावकाश बांधला.

"एवढी सैल कनाला?" प्रीतम म्हणाला.

"सोडताना बघल तो," राजाबाई म्हणाली. "बघू दे जरा. चल आता, मासळीला ऊन लागतंय. आन ऐक, या टायमाला मीठ नाय घालायचं."